'ओलसर' म्हणजे किती ओले? एका शब्दाचा अर्थ आणि त्याची घडण

प्रश्नकर्त्यांनी एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर केले आणि त्यात 'यंत्र दमट कापडाने पुसावे' असे वाक्य लिहिले. तपासणाऱ्याने 'दमट' खोडून 'ओलसर' केले, मात्र कारण दिले नाही. त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. या दोन शब्दांत खरोखर फरक आहे की ही केवळ तपासणाऱ्याची आवड? 'ओलसर' या शब्दातील 'सर' पावसाच्या सरीतला की सरोवरातला? आणि 'दमट' हे इंग्रजी 'डॅम्प'चे मराठी रूप आहे असे त्यांनी ऐकले आहे, ते खरे का?

गेली 22 वर्षे मी तांत्रिक मजकुराची भाषांतरे तपासतो आणि त्या कामाच्या ओघात शब्दकोशाच्या नोंदीही लिहितो. या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. थोडीशी ओल दाखवण्यासाठी इंग्रजीत बहुतेक ठिकाणी एक शब्द चालून जातो, म्हणून मराठीतही त्याला एकच प्रतिशब्द असेल असे आपण गृहीत धरतो. मराठीने मात्र हे क्षेत्र निराळ्या रीतीने वाटून घेतले आहे. वस्तू कोणती, ती ओलसर होण्याआधी ओली होती की कोरडी, आणि बोलणाऱ्याला ती ओल हवीशी आहे की नकोशी, यांवर शब्द ठरतो. म्हणून 'ओलसर बरोबर, दमट चूक' असा सरसकट निकाल देता येत नाही. तुमच्या वाक्यापुरता तो देता येतो, आणि तो तपासणाऱ्याच्या बाजूने आहे.

आधी अर्थ पाहू. 'ओलसर' म्हणजे थोडे ओले, असे कोणीही सांगेल. पण 'थोडे' म्हणजे किती, हे या शब्दातून कधीच कळत नाही. 'धान्यातील ओलावा 12 टक्के आहे' असे आपण म्हणतो, 'हवेतील आर्द्रता 80 टक्के आहे' असेही म्हणतो, पण 'धान्य 12 टक्के ओलसर आहे' असे कोणी म्हणत नाही. आकडा 'ओलावा' आणि 'आर्द्रता' या नामांना लागतो, 'ओलसर'ला लागत नाही, कारण तो शब्द मोजमाप सांगत नसून तुलना सांगतो. दोरीवरचा सदरा हाताळून आपण 'अजून ओलसर आहे' म्हणतो, तेव्हा तो पूर्ण वाळायला हवा होता ही अपेक्षा मनात असते. डब्यातले पीठ हाताला ओलसर लागते म्हणतो, तेव्हा ते कोरडे असायला हवे होते हे गृहीत असते. सदऱ्यात जेवढे पाणी उरलेले असते तेवढे पाणी त्या पिठात पडले तर त्याला आपण ओलसर म्हणणार नाही. त्याचा गोळा झाला असे म्हणू. शब्द एकच असला तरी पाण्याचे प्रमाण निरनिराळे आहे. दोन्हीकडे समान आहे ते अपेक्षेपासूनचे अंतर.

वरच्या दोन उदाहरणांत आणखी एक भेद दडलेला आहे आणि तपासणीच्या कामात मला तो फार उपयोगी पडतो. सदरा ओल्याकडून कोरडेपणाकडे चालला आहे, तर पीठ कोरडेपणाकडून ओलीकडे. 'ओलसर' हा शब्द या दोन्ही वाटांवरच्या मधल्या मुक्कामाला चालतो. त्याच्या शेजारचे शब्द मात्र एकाच वाटेने जातात. 'सादळणे' हे क्रियापद घ्या. पापड सादळतो, आगकाडी सादळते, फटाके सादळतात. जी वस्तू मुळात कोरडी आणि कडक होती व हवेतली ओल लागून नरम पडली, तिच्यासाठीच हा शब्द आहे. दोरीवरचा सदरा कितीही ओलसर असला तरी तो सादळलेला नसतो. उलट 'सुकत आलेला' हे शब्द पिठाला लावता येत नाहीत, कारण ते कधी भिजलेच नव्हते. भाषांतरात 'ओलसर'च्या जागी दुसरा शब्द घालावासा वाटला, तर वस्तू कोणत्या दिशेने निघाली आहे हे आधी पाहावे.

आता 'सर'कडे वळू. पावसाची सर, मोत्यांचा सर, सरोवराच्या अर्थाचा 'सर' असे एका रूपाचे अनेक शब्द मराठीत आहेत, आणि ओलीचा पाण्याशी संबंध असल्यामुळे त्यांतला एखादा 'ओलसर'मध्ये शिरला असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. हा मोह टाळण्याचा उपाय सोपा आहे: तो अवयव जिथे जिथे येतो ते सगळे शब्द शेजारी मांडून पाहावेत. काळसर, पिवळसर, निळसर, गोडसर, आंबटसर, जाडसर, पातळसर, गोलसर. यांत पाण्याचा किंवा पावसाचा काही संबंध नाही. जो अवयव काळ्या रंगाला, गोड चवीला आणि गोल आकाराला सारख्याच सहजतेने लागतो आणि प्रत्येक वेळी 'त्याच्यासारखे, पण पुरते तसे नाही' एवढाच अर्थ देतो, तो प्रत्यय आहे. 'ओलसर'मध्येही तो तेच काम करतो.

हा प्रत्यय संस्कृत 'सदृश' या शब्दाकडून आला आहे. प्राकृतात 'सदृश'चे 'सरिस' झाले आणि जुन्या मराठीत 'सरिसा' हे रूप 'सारखा', 'बरोबर' अशा अर्थांनी येते. 'सारखा' हा आपला रोजचा शब्दही याच घराण्यातला. तो 'सदृक्ष' या जवळच्या रूपापासून 'सारिक्ख' या प्राकृत पायरीवरून आला. 'त्याची सर याला नाही' या वाक्यात जी बरोबरीच्या अर्थाची 'सर' आहे, तीही याच कुळातली आहे, पावसाच्या सरीशी तिचे नाते नाही. म्हणजे 'काळसर' हा काळ्यासारखा आणि 'ओलसर' हा ओल्यासारखा. जे ओल्यासारखे आहे ते पुरते ओले नसते. किंचितपणाचा अर्थ इथून आला आहे. 'रीतसर' या शब्दातील 'सर' मात्र या रांगेत बसवू नये. तिथे अर्थ 'रीतीप्रमाणे' असा आहे, 'थोडीशी रीत' असा नाही.

इथे व्याकरणाचा एक छोटा मुद्दा येतो, आणि तो नोंद लिहिताना माझ्याकडून एकदा चुकला होता. 'ओलसर' हा 'ओल' या नामापासून झाला की 'ओला' या विशेषणापासून? मी 'ओल + सर' अशी फोड लिहिली होती, कारण डोळ्यांना तीच दिसते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले की नामाला 'सर' लागलेला दुसरा शब्द दाखवा, आणि मला दाखवता येईना. 'धूरसर' होत नाही, 'धुरकट' होते. 'तेलसर' म्हणत नाहीत, 'तेलकट' म्हणतात. 'सर' विशेषणाला लागतो आणि विशेषण आकारान्त असेल तर त्याचा शेवटचा 'आ' गळतो: काळा–काळसर, पिवळा–पिवळसर, निळा–निळसर. तेव्हा ओला–ओलसर हीच फोड नियमाला धरून आहे. प्रत्यय लागल्यावर विशेषणाचे लिंगवचनाप्रमाणे बदलणेही थांबते. ओला कपडा, ओली माती, ओले लाकूड असे बदल होतात. ओलसर कपडा, ओलसर माती आणि ओलसर लाकूड यांत काहीच बदलत नाही.

'ओला'पासून 'ओलसर' झाला हे मान्य केले की एक गंमत दिसते. बापाचे सगळे अर्थ मुलाकडे आलेले नाहीत. मराठीत 'ओला'ला दोन विरुद्धार्थी शब्द आहेत, 'कोरडा' आणि 'सुका', आणि ते दोन वेगळ्या अर्थांशी झगडतात. ओला टॉवेल आणि कोरडा टॉवेल यांत फरक लागलेल्या पाण्याचा आहे. ओला नारळ, ओली हळद, ओला चारा यांत मात्र ओला म्हणजे ताजा, अजून न वाळवलेला. त्याच्याविरुद्ध सुका नारळ आणि सुका चारा. ही ओल बाहेरून लागलेली नसते, ती वस्तूच्या अंगची असते. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' या म्हणीतले ओले लाकूड पावसात भिजलेले नसून हिरवे, जिवंत असते. 'ओलसर'ला यातला फक्त पहिला अर्थ मिळाला. 'ओलसर नारळ' म्हटले तर आपल्याला अर्धवट सुकलेला नारळ न आठवता बाहेरून पाणी लागलेला नारळ डोळ्यांसमोर येतो. 'ओलसर चारा' म्हणजे दव किंवा पाऊस लागलेला चारा, हिरवा चारा नव्हे. शेतीविषयक मजकुरात हा फरक न पाळल्यामुळे सूचना उलटी होऊ शकते, कारण हिरवा चारा द्यावा असे सांगायचे असते आणि भिजलेला चारा टाळावा असे.

भावनेच्या अर्थातही असेच झाले आहे. 'बोलण्यात ओलावा आहे' हे कौतुक आहे, 'डोळे ओलावले' यात भावना आहे. पण 'ओलसर बोलणे' असे म्हणून पाहा, ते जिभेवर येत नाही. 'ओलसर डोळे' चालतात, कारण तिथे पाणी खरोखर दिसते. 'ओलसर' हा हाताला कळणारा आणि डोळ्याला दिसणारा शब्द आहे, आणि त्यामुळेच तो सूचनापुस्तिकेत विश्वासाने वापरता येतो.

आता मुळाकडे, म्हणजे 'ओला' आला कुठून. हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो, म्हणून इथे थोडा अधिक वेळ घेतो.

परंपरेने 'ओला' हा शब्द संस्कृत 'आर्द्र'कडे नेला जातो. 12व्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'आर्द्र'ची उल्ल, ओल्ल, अल्ल आणि अद्द अशी चार प्राकृत रूपे सांगितली आहेत. त्यांतल्या 'ओल्ल'पासून मराठी ओल, ओला, ओलावा, ओलसर ही मंडळी आली. 'अल्ल' या शाखेलाही मराठीत वारस आहे आणि तो स्वयंपाकघरात बसला आहे: 'आले'. संस्कृतात आल्याला 'आर्द्रक' म्हणत, सुंठ होण्याआधीचा तो ओला कंद. 'आर्द्रक'चे प्राकृतात 'अल्लय' झाले, जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर लांबला आणि आपल्याला 'आले' मिळाले. हिंदीतील 'अदरक'ही त्याच 'आर्द्रक'चे दुसरे रूप. शिवाय विद्वानांनी संस्कृतातून सरळ उचललेले आर्द्र, आर्द्रता आणि आर्द्रा नक्षत्र आहेतच. एकाच शब्दाच्या वंशात 'आर्द्रता' हा वेधशाळेतला, 'आले' हा मळ्यातला आणि 'ओलसर' हा घरातला, असे तीन निरनिराळे संसार थाटलेले दिसतात.

यावर एक शंका नेहमी घेतली जाते: 'आर्द्र'मध्ये 'ल' कुठे आहे? 'द्र'चा 'ल्ल' होणे विचित्र वाटते खरे, पण तसे होण्याची सोबतीची उदाहरणे आहेत. 'भद्र'चे 'भल्ल' झाले आणि त्यापासून आपला 'भला'. 'क्षुद्र'चे 'क्षुल्ल' झाले आणि 'क्षुल्लक' या रूपाने ते संस्कृतातच स्थिरावले. तेव्हा व्यंजनांची अडचण राहत नाही.

मराठीच्या आतलाही एक पुरावा आहे, आणि त्यासाठी कोणताही कोश उघडावा लागत नाही. जुन्या शब्दात दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' असेल, तर मराठीत त्याचा सहसा 'ळ' होतो: फल–फळ, मूल–मूळ, गल–गळा, काल–काळ. पण प्राकृतात तो 'ल्ल' असा दुहेरी असेल, तर मराठीत 'ल' टिकतो: गल्ल–गाल, मूल्य–मोल्ल–मोल, कल्य–कल्ल–काल. म्हणूनच आपल्याकडे 'काळ' आणि 'काल' हे दोन वेगळे शब्द आहेत, 'गळा' आणि 'गाल' वेगळे आहेत, 'मूळ' आणि 'मोल' वेगळे आहेत. आता 'ओल' आणि 'ओळ' ही जोडी पाहा. 'ओल'मध्ये 'ल' टिकला आहे, म्हणजे मागे कुठेतरी 'ल्ल' असला पाहिजे, आणि 'ओल्ल' हे रूप नेमके तसेच आहे. 'ओळ' हा शब्द रांगेच्या अर्थाच्या 'आली' या संस्कृत शब्दाच्या 'ओली' या प्राकृत रूपावरून आला. तिथे 'ल' एकटाच होता, म्हणून त्याचा 'ळ' झाला. योगायोग असा की हेमचंद्राने 'आर्द्र'चे सूत्र दिले आहे त्याच्या लगेच पुढचे सूत्र या रांगवाचक 'आली'चे आहे. त्याला अर्थात हे ठाऊक नव्हते की या दोन शेजाऱ्यांचा पुढे मराठीत केवळ एका अक्षराने वेगळा संसार होईल.

खरा खटकणारा भाग स्वराचा आहे. 'आर्द्र'मधील 'आ'चा 'ओ' का व्हावा? व्याकरणकाराला एखाद्या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र लिहावे लागते, याचा अर्थ त्याच्या सर्वसाधारण नियमांतून ते रूप निघत नव्हते. म्हणून 'ओल्ल'मागे 'भिजवणे' या अर्थाच्या 'उन्द्' धातूचा हात असावा, असेही एक मत आहे. उद, उदक, समुद्र हे शब्द याच धातूच्या परिवारातले आहेत, आणि तिकडून आलेल्या एखाद्या रूपात 'उ' आधीपासूनच असणार. माझे स्वतःचे मत असे की इथे एकाची निवड करून दुसऱ्याला हाकलण्याची गरज नाही. अर्थाने सारखे आणि ध्वनीने जवळचे दोन शब्द बोलीत शेजारी शेजारी नांदत असले की एकाचा स्वर दुसऱ्याला लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. नोंदीत मी 'आर्द्र–ओल्ल–ओला' अशी साखळी देतो आणि 'उन्द्'चा उल्लेख तुलनेसाठी करतो. जुन्या मराठी ग्रंथांत हा शब्द शोधायचा असल्यास एक सूचना: तिथे शब्दारंभीचा 'ओ' पुष्कळदा 'वो' असा लिहिलेला असतो. 'ओवी' तिथे 'वोवी' असते, आणि 'ओल' शोधायची तर 'वोल' शोधावी लागते.

आता 'दमट'. हा शब्द 'डॅम्प'वरून आला असे जे सांगतात, त्यांच्या हाती ध्वनिसाम्याखेरीज काही नसते, आणि नुसते ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीतील सर्वांत स्वस्त पुरावा आहे. शिवाय त्या इंग्रजी शब्दाचाच इतिहास वेगळ्या दिशेने जातो. तो जर्मन कुळातील वाफ या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे; जर्मन भाषेत 'डाम्फ' म्हणजे आजही वाफच. इंग्रजीत तो आधी घातक वायू किंवा बाष्प या अर्थाने आला, खाणीतल्या वायूंच्या नावांत तो अर्थ अजून टिकून आहे, आणि 'किंचित ओल' हा अर्थ नंतर रुळला. मराठी 'दमट'कडे पाहताना मला त्याची बांधणी मराठी वाटते. 'ट' हा आपला जुना ओळखीचा प्रत्यय आहे: आंबट, खारट, तुरट, हिरवट, ओशट. उरलेला 'दम' हा श्वास आणि वाफ या अर्थांचा फारशी शब्द असावा, याकडे माझा कल आहे. झाकण ठेवून कोंडलेल्या वाफेवर शिजवण्याला आपण 'दम देणे' म्हणतो, तोच हा. दमट म्हणजे कोंडलेल्या वाफेसारखे, असा अर्थ घेतला तर तो शब्दाच्या आजच्या वापराशी तंतोतंत जुळतो.

तो वापर कसा आहे? दमट हवा, दमट हवामान, दमट खोली, दमट तळघर. हा शब्द हवेचा आहे, आणि हवा जिथे कोंडते त्या जागेचा आहे. हातात धरता येईल अशा वस्तूला तो सहसा लागत नाही. त्याला नापसंतीचा एक बारीक वासही आहे. 'ट', 'कट' हे प्रत्यय नेहमीच निंदा करतात असे नाही, 'हिरवट' किंवा 'तुरट'मध्ये निंदा नाही. पण मळकट, तेलकट, कुजकट, पोरकट यांच्याकडे पाहिले की त्यांचा कल कळतो. 'दमट'चे सख्खे शेजारी तर 'कोंदट' आणि 'कुबट' आहेत: खोली कोंदट असते, तिची हवा दमट असते आणि तिथे ठेवलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. या तिघांपैकी एकही शब्द कोणी कौतुकाने वापरत नाही. 'सर' मात्र निःपक्षपाती आहे. ओलसर मातीत बी चांगले रुजते असे आपण समाधानाने म्हणतो. तिथे 'दमट मातीत' म्हटले तर वाक्याचा चेहराच उतरतो. पेरणीला योग्य अशा ओलीच्या नेमक्या स्थितीला 'वाफसा' हा स्वतंत्र शब्द आहे, त्यामुळे शेतीच्या मजकुरात 'ओलसर' लिहिण्याआधी लेखकाला 'वाफसा' म्हणायचे आहे का, हे विचारून घ्यावे.

उलट चूकही होते, आणि ती मी केली आहे. कामाच्या सुरुवातीच्या काळात 'दमट'विषयी नुकताच हा शोध लागल्याच्या उत्साहात मी भूगोलाच्या एका मजकुरातील सगळे 'दमट' यांत्रिकपणे बदलून 'ओलसर' केले. परिणामी 'उष्ण व ओलसर हवामान' असे वाक्य छापून आले. ते वाचताना हवामानाला कोणीतरी पिळून वाळत घातले आहे असे वाटत होते. हवामानाला दमटच म्हणावे, आणि मोजमाप सांगायचे असेल तर आर्द्रता म्हणावे. दमटपणात उष्णतेची छटा असते त्यालाही भौतिक आधार आहे. 30 अंश सेल्सिअस तापमानाची 1 घनमीटर हवा सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरू शकते, 10 अंशांची हवा सुमारे 9 ग्रॅमच धरते. अंगाला चिकटणारी, घाम वाळू न देणारी हवा ही म्हणूनच सहसा उबदार असते.

मग थंड ओलीला काय म्हणायचे? त्यासाठी 'सर्द' आहे. फारशीत 'सर्द' म्हणजे थंड, हिंदीतही तोच अर्थ. मराठीने मात्र त्याला थंडीबरोबर ओलही देऊन टाकली. सर्द जमीन, सर्द भिंत म्हणजे थंड आणि ओलसर. हिंदीतून भाषांतर करणारे इथे हमखास फसतात आणि 'सर्द हवा' तशीच ठेवून देतात. थंडीचा शब्द ओलीकडे सरकणे हे एकट्या मराठीत घडलेले नाही. हिंदीत ओलसरला 'सीला' म्हणतात आणि तो शब्द 'शीतल'कडून आलेला आहे. त्याच 'शीतल'पासून मराठीत 'शिळा' झाला. याचे कारण आपल्या त्वचेत आहे. माणसाच्या त्वचेत ओल ओळखणारी स्वतंत्र ज्ञानेंद्रिये आढळत नाहीत. थंडपणा आणि स्पर्श यांवरून मेंदू ओलीचा अंदाज बांधतो. म्हणूनच थंडीच्या दिवसांत दोरीवरचा कपडा वाळला आहे की नाही हे ठरवायला आपण तो गालाला लावून पाहतो आणि तरीही फसतो. जिथे हातालाच थंड आणि ओलसर यांत नीट फरक करता येत नाही, तिथे भाषेनेही तो धूसर ठेवला यात नवल नाही.

भिंतीच्या बाबतीत एक वेगळा बारकावा आहे. 'भिंत ओलसर आहे' हे वाक्य हात लावल्यावर काय जाणवले ते सांगते. 'भिंतीला ओल आली आहे' हे वाक्य बिघाड सांगते, म्हणजे पाणी कुठूनतरी आत शिरत आहे. पहिले वाक्य नुकत्याच केलेल्या गिलाव्यालाही लागू पडते आणि तिथे काहीच बिघडलेले नसते. दुरुस्तीच्या अहवालात मी हा फरक आवर्जून जपतो, कारण 'ओलसर' वाचून मालक वाट पाहतो आणि 'ओल आली' वाचून गवंड्याला बोलावतो.

या सगळ्यावरून तुमच्या वाक्याचा निर्णय असा होतो. फडके ही हातात धरायची वस्तू आहे, ती मुद्दाम भिजवून पिळलेली आहे, म्हणजे ओल्याकडून कोरडेपणाकडे निघालेली आहे, आणि ती ओल आपल्याला हवी आहे. तिन्ही कसोट्यांवर 'ओलसर' उतरतो आणि 'दमट' नापास होतो. दमट फडके म्हटले तर बंद कपाटात राहून कुबट वास लागलेले फडके डोळ्यांसमोर येते, आणि तसल्या फडक्याने यंत्र पुसावे असे उत्पादकाला नक्कीच म्हणायचे नसेल.

तरीही तपासणाऱ्याच्या जागी मी असतो तर एवढ्यावर थांबलो नसतो. 'ओलसर' हा अपेक्षेशी तुलना करणारा शब्द आहे हे वर सांगितले. यंत्र पुसणाऱ्या माणसाची अपेक्षा काय असेल हे आपल्याला ठाऊक नसते, आणि विजेवर चालणारे यंत्र असेल तर एका थेंबानेही फरक पडतो. अशा ठिकाणी मी विशेषणावर भार टाकत नाही, कृतीच लिहितो: 'यंत्राचा वीजपुरवठा बंद करावा. स्वच्छ फडके पाण्यात बुडवून, त्यातून थेंब गळणार नाही इतके घट्ट पिळून घ्यावे आणि त्या ओलसर फडक्याने फक्त बाहेरचा भाग पुसावा. नंतर कोरड्या फडक्याने पुन्हा पुसावे.' मूळ इंग्रजीत एकच वाक्य असले आणि इथे तीन झाली म्हणून कोणी आक्षेप घेतला, तर मधले वाक्य तेवढे ठेवावे.